काटा कुणाचा, वजन कुणाचं

‘ताई, मी पलूस तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. श्रावणात आमच्या सौ. न्हाणीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रात्री साडेनऊला गाडी करून मिरजेला नेलं. ते हॉस्पिटल विमा कंपनीच्या यादीत नव्हतं, म्हणून पैसे आधी आम्हीच भरले, थोडे सोसायटीतून उचलून. अर्धा सांधा बदलला, सहा दिवस ठेवलं. बिल २,३८,४०० रुपये. पॉलिसी तीन लाखांची. अकरा वर्षांत एक हप्ता चुकवलेला नाही, एकदाही क्लेम केलेला नाही. कंपनीनं १,५२,१०० दिले आणि ८६,३०० कापले. त्यातल्या ४६,००० समोर लिहिलंय, “वाजवी व प्रचलित दरापेक्षा जास्त”. हा प्रचलित दर कुठं छापलेला असतो? टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, नंबरवर विचारलं तर मुलगी म्हणाली, सिस्टीममध्ये आहे. दाखवा म्हटलं तर म्हणाली, दाखवता येत नाही सर. पॉलिसी भाच्याकडून काढलीय. तो म्हणतो, मामा, मिळालं तेवढं पदरात पाडून घ्या, नाहीतर रिन्यूअलला खोड काढतील. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून मला हे कळत नाही की आमच्या घरातल्या ऑपरेशनची किंमत ठरवली कुणी?’

एक वाचक, पलूस तालुका

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र जागेअभावी मी थोडं कापलंय. निदान मी सांगून कापलं. काकू आता वॉकर धरून तुळशीपर्यंत जातात, हे त्या कापलेल्या भागात होतं. ते वाचून बरं वाटलं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. किंमत त्यांनीच ठरवली, ज्यांना ती द्यायची होती. तुमच्या भागात हे समजावून सांगायची गरज पडू नये. ऊस आपला, तोडणी आपल्या रानातली, पण वजन कारखान्याच्या काट्यावर. ट्रॅक्टर काट्यावर चढला की आतल्या खिडकीतून चिठ्ठी बाहेर येते, आणि त्या चिठ्ठीवर जो आकडा असेल तेवढाच आपला ऊस. काटामारी हा शब्द आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सगळेच काटे खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण शेतकरी बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायचा हट्ट का धरतो? काटा ज्याच्या मालकीचा, त्याच्याच खिशातून पैसे जाणार असतात म्हणून. तुमच्या कपातीच्या कागदावरचा ‘प्रचलित दर’ ही अशीच एक काट्याची चिठ्ठी आहे. काटा आतल्या खोलीत आहे आणि त्या मुलीनं तुम्हाला खरं तेच सांगितलं, दाखवता येत नाही.

हे मला कसं ठाऊक, तर मी चौदा वर्षं मिरजेत एका हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीत बसलेय. म्हणजे काट्याच्या दुसऱ्या बाजूला. त्यामुळं आमच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हा सल्ला अर्धा राहील.

आमच्या कॉम्प्युटरवर पेशंटचं नाव टाकलं की शेजारी एक रकाना उघडायचा. त्यात चार पर्याय: जनरल, टीपीए, कंपनी, स्कीम. स्कीम म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना. रकान्यातला शब्द बदलला की खालची बेरीज बदलायची. खुबा तोच, भूल तीच, डॉक्टर तेच, टेबलसुद्धा तेच. सगळ्यात कमी आकडा स्कीमचा, तो सरकारनं ठरवून दिलेला. सगळ्यात मोठा टीपीएचा. त्याचं कारण आमचे मॅनेजर अगदी सरळ सांगायचे, ‘त्यांनी वीस टक्के कापायचेच, मग आपण आधीच चढवून ठेवायचं.’ अथणीकडचा एक पोरगा एकदा खिडकीत वाकून म्हणाला, ‘मॅडम, इन्शुरन्स हाय का म्हणून पयलं का इचारता? पाय मोडलाय, तो बगा की.’ मी त्याला हसून काहीतरी उत्तर दिलं. आज आठवलं की कसंतरी होतं.

तेव्हा गुरुजी, बिल फुगतं ही विमा कंपन्यांची तक्रार खोटी नाही. हॉस्पिटल चढवतं म्हणून कंपनी कापते, कंपनी कापते म्हणून हॉस्पिटल आणखी चढवतं. पण या ओढाताणीत दोरीची दोन्ही टोकं धरणारे जागेवरच राहतात आणि मधे तुम्ही खेचले जाता. तुमचं बिल रोखीचं होतं. तुम्ही आधी पैसे भरले. त्यामुळं तुमच्या बिलात टीपीएचा चढवलेला दर असायचं कारण नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता त्या शब्दांकडं येऊ. ‘वाजवी व प्रचलित’ हे कंपनीनं मनानं लिहिलेलं नाही. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेल्या व्याख्यांपैकी ती एक आहे आणि तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत पहिल्या काही पानांतच सापडेल. इंग्रजीत आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, त्या विशिष्ट हॉस्पिटलचा नेहमीचा दर, जो त्याच भौगोलिक भागात तशाच उपचारासाठी चालू असलेल्या दरांशी जुळतो, आणि हे सगळं आजाराचं स्वरूप लक्षात घेऊन.

तुम्ही शिक्षक आहात, वाक्य सोडवा. पहिला भाग ‘त्या हॉस्पिटलचा नेहमीचा दर’. म्हणजे त्यांनी फक्त तुमच्याकडूनच जास्त घेतले का, हा प्रश्न. दुसरा भाग ‘त्याच भौगोलिक भागात’. हा सगळ्यात महत्त्वाचा. मिरजेचा भाग कुठला धरायचा? हे गाव काही साधं नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात मिशनचं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून बेळगाव, विजापूर, जमखंडीकडची माणसं इथं उपचाराला येतात. हाडांची मोठी ऑपरेशनं इथं रोज होतात. मग दर मिरज-सांगलीचा धरायचा, कोल्हापूरचा, पलूसचा, की कुणीतरी अख्ख्या महाराष्ट्राची सरासरी काढून ठेवलीय तिचा? तिसरा भाग ‘आजाराचं स्वरूप’. ठरवून, महिनाभर आधी तारीख घेऊन केलेलं ऑपरेशन आणि रात्री मोडलेलं हाड घेऊन आलेलं सत्तरीतलं माणूस, दोन्हीला एकच आकडा लावलाय का?

व्याख्येत न लिहिलेली गोष्टही बघा. ‘कंपनीनं आपल्या यादीतल्या हॉस्पिटलांशी ठरवलेला दर’ असं त्यात कुठंही नाही. माझा संशय नेमका इथं आहे. यादीतलं हॉस्पिटल कंपनीला कमी दर देतं, कारण बदल्यात त्याला पेशंटचा ओघ मिळतो. तो घाऊक भाव आहे. मार्केट यार्डात पन्नास पोती हळद उचलणाऱ्याला जो भाव मिळतो तो पाव किलो घेणाऱ्याला मिळत नाही, आणि तो भाव दाखवून कुणी म्हणू शकत नाही की हाच बाजारातला प्रचलित भाव. तुमच्या ऑपरेशनच्या खर्चाला हाच घाऊक भाव लावला असेल तर ती व्याख्येची मोडतोड आहे. असेलच असं नाही. पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नका. यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण न्यूयॉर्कचं आहे, आणि ते सांगायचा मोह मला आवरत नाही, कारण तिथं शेवटी कुणीतरी काट्याच्या खोलीचं दार उघडलं.

अमेरिकेत यादीबाहेरच्या डॉक्टरकडं गेलं की कंपन्या म्हणायच्या, आम्ही नेहमीच्या व प्रचलित दराचे अमुक टक्के देऊ. तो दर यायचा इंजेनिक्स नावाच्या कंपनीच्या डेटाबेसमधून. देशातल्या मोठमोठ्या विमा कंपन्या तोच आकडा वापरायच्या आणि माणसाला वाटायचं, हा बाजारभाव. प्रत्यक्षात इंजेनिक्स ही युनायटेडहेल्थ या बलाढ्य विमा कंपनीच्याच मालकीची. त्या डेटाबेसमध्ये आकडे भरायच्या त्याही विमा कंपन्या. म्हणजे काटा कारखान्याचा, मापं कारखान्याची आणि खिडकीतला माणूसही कारखान्याच्या पगारावर. २००८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू क्युओमो यांनी हे जाहीरपणे मांडलं. त्यांनी दिलेलं उदाहरण तुम्हाला फार ओळखीचं वाटेल: डॉक्टरची साधी भेट २०० डॉलरची. कंपनी म्हणते प्रचलित दर ७७ डॉलर. त्याचे ८० टक्के, म्हणजे ६२ डॉलर, कंपनी देते. उरलेले १३८ पेशंटच्या खिशातून. त्यांच्या तपासात न्यूयॉर्क राज्यात डॉक्टरांच्या भेटीचे दर २८ टक्क्यांपर्यंत कमी धरलेले निघाले.

२००९ च्या जानेवारीत तडजोड झाली. युनायटेडहेल्थनं तो डेटाबेस बंद करायचं आणि विमा कंपन्यांशी संबंध नसलेला नवा डेटाबेस उभारण्यासाठी ५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. डॉक्टरांच्या संघटनेनं २००० सालापासून लढवलेल्या वेगळ्या दाव्यात आणखी ३५ कोटी डॉलर. नव्या डेटाबेससाठी कबूल केलेल्या पैशातून फेअर हेल्थ ही ना-नफा संस्था उभी राहिली, आणि आज तिथला माणूस आपल्या भागाचा पिनकोड टाकून ऑपरेशनचा दर स्वतः बघू शकतो. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. आकडा मोठा की लहान हा वाद नंतरचा, तो आधी दिसला तरी पाहिजे.

गोष्ट तिथं संपली का? नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं मल्टिप्लॅन नावाच्या दुसऱ्या कंपनीबद्दल छापलं. ही कंपनी विमा कंपन्यांना कमी दर सुचवते, आणि तिची फी ‘वाचवलेल्या’ रकमेच्या टक्केवारीत असते. जितकं जास्त कापलं, तितकी जास्त कमाई. पंधरा वर्षांत काटा बदलला, खोली तीच.

आपल्याकडं एका बाबतीत नियम बरा आहे. टीपीएला दिली जाणारी फी किती क्लेम कापले याच्याशी जोडता येत नाही. क्लेम नाकारायचा अधिकारही टीपीएला नाही, तो फक्त विमा कंपनीला. तेव्हा ‘टीपीएनं कापलं’ असं म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत, आणि तुम्हीही फोनवरच्या त्या मुलीशी वाद घालू नका. ती पगारी माणूस आहे, मीही होते. पण मालकीचं म्हणाल तर आपल्याकडंही घरातलंच आहे. बऱ्याच खासगी कंपन्या टीपीए न ठेवता क्लेम घरातच निकाली काढतात. सरकारी विमा कंपन्यांनी मिळून २०१३ साली स्वतःची एक टीपीए काढली. २०२४ साली तर नारायण हेल्थ या हॉस्पिटल साखळीला विमा कंपनी चालवायचा परवाना मिळाला, म्हणजे कापणारा आणि चढवणारा एकाच छपराखाली. त्यातून पेशंटचं भलं होईल की वाईट, हे बघायला मी उत्सुक आहे. दोन्ही शक्य आहे. मात्र मिरज-सांगलीचा दर कुणालाही बघता येईल असा, दोन्ही बाजूंशी देणंघेणं नसलेला काटा आपल्याकडं अजून नाही, आणि तुमचं दुखणं तिथून सुरू होतं.

आता तुमचा कागद. तुम्ही पाठवलेला कपातीचा तक्ता मी दोनदा मांडून बघितला. ४६,००० बाजूला ठेवा, आधी बाकीच्याकडं बघू, कारण तिथं कंपनीनं सोपी चूक केलेली दिसते.

८,३०० हे हातमोजे, थर्मामीटर असल्या वस्तूंचे. त्यांची ६८ वस्तूंची ठरलेली यादीच आहे. ते सोडून द्या.

३२,००० ‘रूम रेंटच्या प्रमाणात’. तुमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ३,०००, तुम्ही घेतलीत ४,००० ची. म्हणजे पाऊण हक्क, म्हणून त्यांनी पाव भाग कापला. सहा दिवसांच्या २४,००० चा पाव, ६,०००. तो बरोबर आहे. ऑपरेशनचा खर्च ९८,००० होता, तो आधी ‘प्रचलित’ म्हणून ५२,००० वर आणला, मग त्या ५२,००० चाही पाव कापला, १३,०००. आणि कृत्रिम सांध्याच्या ५२,००० चा पाव, आणखी १३,०००. झाले ३२,०००.

सांध्याचे १३,००० सरळ परत मागा. २०२० साली नियामकानं स्पष्ट केलं की औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर खोलीच्या प्रमाणात कपात करायची नाही. मोठ्या खोलीत झोपलं म्हणून सांधा महाग होत नाही, इतकी साधी गोष्ट. ही तरतूद तुमच्या पॉलिसीतच ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ या शब्दांच्या व्याख्येत असेल. त्याच नियमात आणखी एक सोय आहे: जे हॉस्पिटल खोलीप्रमाणं डॉक्टरची फी बदलत नाही, तिथं ही प्रमाणातली कपात फीवरही लागत नाही. तुमच्या हॉस्पिटलातून एवढंच लिहून आणा की ऑपरेशनची फी सगळ्या खोल्यांना सारखी आहे. असेल तर दुसरे १३,००० सुद्धा तुमचे. नसेल तरी विचारा, की एकाच ५२,००० वर आधी बाजारभावाची आणि मग खोलीची अशी दोनदा कात्री कशी चालवली? तो ‘प्रचलित दर’ कुठल्या खोलीचा होता?

आता ते ४६,०००. २०२४ च्या मे महिन्यात नियामकानं काढलेल्या मास्टर परिपत्रकानुसार क्लेम पूर्ण नाकारला किंवा काही भाग कापला, तर पॉलिसीतल्या कुठल्या अटीखाली, हे ग्राहकाला तपशिलानं कळवावंच लागतं. एका ओळीचा शेरा पुरत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल पॉलिसीच्या पुस्तिकेत शेवटी छापलेलं असतं. त्यांना हे लिहा, जसंच्या तसं चालेल:

‘माझ्या क्लेममधून शस्त्रक्रियेच्या खर्चापैकी ४६,००० रुपये वाजवी व प्रचलित दरापेक्षा जास्त म्हणून कापले आहेत. हा दर कोणत्या भौगोलिक भागाचा, कोणत्या काळातला, किती हॉस्पिटलांच्या बिलांवरून काढला, त्यात आपल्या यादीतील हॉस्पिटलांशी ठरवलेले दर धरले आहेत काय, आणि हा आकडा कोणत्या संस्थेने काढला, ते लेखी कळवावे. माझे बिल रोखीचे असून तातडीने दाखल केलेल्या रुग्णाचे आहे.’

यातला प्रत्येक प्रश्न मुद्दाम घातलाय. शेवटचं वाक्य गाळू नका.

त्याबरोबर तुमचा स्वतःचा काटा जोडा. महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हॉस्पिटलांना ठरलेल्या सेवांचे दर दर्शनी जागी लावावे लागतात. तुमच्या हॉस्पिटलच्या दरफलकाचा फोटो घ्या. मग मिरज-सांगलीतल्या आणखी तीन हॉस्पिटलांतून खुब्याच्या अर्ध्या सांध्याच्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च त्यांच्या लेटरहेडवर मागा. पेशंट म्हणून विचारलं की बहुतेक जण देतात. मी कित्येकदा टाइप करून दिलेत, शिक्का मारून. इन्शुरन्स आहे का विचारतील, नाही म्हणा. खोटं वाटत असेल तर ‘रोखीनं किती’ एवढंच विचारा. तीन कागदांवर ऐंशी-नव्वद हजारांच्या आसपासचे आकडे असले, तर कंपनीच्या ५२,००० ला मिरजेत पाय ठेवायला जागा राहत नाही. उलट तीनही ठिकाणी साठ-पासष्ट हजार निघाले, तर? मग कंपनीचा काटा तितका खोटा नव्हता आणि तुमच्या हॉस्पिटलनं जरा हात मारला. तसं झालं तर ४६,००० साठी भांडायचं की दहा हजारांसाठी, ते त्या कागदांवरून ठरवा. मी आधीच सांगणार नाही.

कंपनीकडं उत्तरासाठी चौदा दिवस असतात. तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवा. जमत नसेल तर १५५२५५ ला फोन करा, ते नोंदवून घेतात. उत्तर आलं नाही किंवा तेच ‘सिस्टीम’वालं उत्तर आलं, तर पुण्याला नारायण पेठेत विमा लोकपालाचं कार्यालय आहे, सांगली-सातारा त्यांच्याकडंच येतं. उत्तरच आलं नसेल तर कंपनीकडं तक्रार करून महिना झाला पाहिजे, आणि उत्तर आलं असेल तर कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. फी नाही, वकील चालत नाही, सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळं काकूंना सोडून पहाटेची गाडी पकडायला नको. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर कंपनीला तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर पुढं दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला. निकाल पटला नाही तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग मोकळा आहे, त्याची मुदत दोन वर्षं. (लोकपालाच्या कार्यालयाचा खर्च विमा कंपन्यांकडूनच वसूल होतो, हेही तुमच्या कानावर घालते. काटा कुणाचा हे विचारायचंच झालं तर सगळीकडं विचारावं. पण या खर्चाला निकाल जोडलेला नाही, आणि तिथून पैसे परत मिळालेली माणसं मी माझ्या खिडकीतून बघितलीत.)

आणखी एक. पैसे खात्यावर जमा होताना ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत का? केली असेल तरी लगेच घाबरू नका, नुसत्या सहीनं प्रत्येक वेळी हक्क जात नाही, पण ती सही फसवून किंवा दबावानं घेतली हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली म्हटलंय. केली नसेल तर करू नका, किंवा ‘हक्क राखून’ लिहून करा.

भाच्याचं काय? रिन्यूअलचं त्यानं सांगितलेलं चुकीचं आहे. आधी क्लेम केला या कारणावरून कंपनीला रिन्यूअल नाकारता येत नाही, आणि तक्रार केली म्हणून तर नाहीच. तो मुद्दाम फसवतोय असं मला वाटत नाही. त्याचं कमिशन कंपनीकडून येतं, दर वर्षी, तुमच्या हप्त्यातून. ज्या घरी जेवतो त्या घराच्या स्वयंपाकाला तो नावं ठेवणार नाही. त्याच्याशी भांडू नका, दिवाळीला बोलवा, पण हे पत्र त्याच्या हातून पाठवू नका. पोस्टात स्वतः जा, स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती डिस्चार्ज कार्डाला टाचणीनं लावून ठेवा. इम्प्लांटचं स्टिकर त्याच कार्डावर चिकटवलेलं असेल, त्याची एक झेरॉक्स अर्जाला जोडा. मूळ स्टिकर कुणाच्या हातात देऊ नका. फायलीतून सगळ्यात आधी तेच हरवतं, आणि मग कंपनी म्हणते सांधा बसवल्याचा पुरावा कुठाय.

पुढच्या वेळेसाठी (ती येऊ नये) एवढंच, की २०२४ च्या जानेवारीपासून यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस, म्हणजे आपण आधी पैसे न भरता कंपनीनं परस्पर भरायचे, असं मागता येतं, तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कळवलं तर. आणि खोली ३,००० च्या आतलीच घ्या. हजार रुपयांच्या खिडकीपायी बत्तीस हजारांचा हिशोब बसला. तेवढ्या खिडकीतून दिसतं तरी काय, मिरजेचं जंक्शन.

कंपनीचं उत्तर आलं की मला त्याचा फोटो पाठवा, निकाल काहीही असो. ‘भौगोलिक भाग’ या शब्दांपुढं त्यांनी कुठल्या गावाचं नाव लिहिलंय, ते मला वाचायचंय.